खाली केलेल्या पोलोचा टायर घासतोय: पत्रा वळवण्याआधी बंप स्टॉप बघ

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका मुलाने २०१७ची फोक्सवॅगन पोलो खाली केलीय. चारही कोपऱ्यांना ३५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा, शॉकअप मात्र कंपनीचेच. कंपनीची १५ इंची चाकं (६ जे, ईटी ४०, टायर १८५/६० आर १५) काढून १७ इंची बसवलीत, ७.५ जे, ईटी ३५, त्यावर २०५/४५ आर १७. एकटा फिरतो तेव्हा कुरकुर नाही. मागे तिघं बसले की स्पीडब्रेकरवर मागून डावीकडे ‘खर्रर्र’. पुढे, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतलं प्लॅस्टिक घासतं. गॅरेजवाला म्हणतो, मागच्या चाकावरच्या कमानीचा पत्रा आतून वळवून टाकू, दोन तासांचं काम. करू का दादा?

नको. आत्ता तरी नको. माझं आयुष्य कोल्हापुरात उद्यमनगरात सस्पेन्शनखाली पाठीवर पडून गेलंय, आणि पत्रा वळवून पुन्हा घासत आलेल्या गाड्या मी भरपूर बघितल्यात. पत्रा वळवणं हा उपाय आहे, पण शेवटचा. आधी कुठे लागतंय आणि का लागतंय ते शोधायचं.

सुरुवात आकड्यांनी करू, कारण तुझं अर्धं उत्तर तिथंच आहे. ईटी म्हणजे रिमचा मध्य आणि हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर. आकडा कमी तितकं चाक बाहेर. जे म्हणजे रिमची रुंदी इंचांत. १८५/६० आर १५ म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद टायर, भिंत त्याच्या ६० टक्के, रिम १५ इंची. तू ४० वरून ३५ वर आलास, म्हणजे चाकाचा मध्यच ५ मिलिमीटर बाहेर गेला. आता टायर. १८५चा टायर ६ इंची रिमवर साधारण १९० मिलिमीटर भरतो, २०५चा टायर साडेसात इंची रिमवर साधारण २१०. दोन्हीकडे दहा-दहा वाढले. बाहेर १० अधिक ५, म्हणजे १५ मिलिमीटर. आत १० वजा ५, म्हणजे ५. रिमची कड याहूनही जास्त सरकलीय, बाहेर २४ आणि आत १४, त्यामुळे टायर वाचला तरी रिमची आतली कड शॉकअपच्या किती जवळ आलीय ते वेगळं बघावं लागेल.

उंचीचं बघ. जुना टायर ६०३ मिलिमीटर व्यासाचा, नवा ६१६. त्रिज्या साडेसहाने वाढली. म्हणजे चाकाची वरची कड मडगार्डच्या साडेसहा मिलिमीटर जवळ गेली, बाहेरची १५ मिलिमीटर बाहेर आली, आणि वर तू बॉडी ३५ने खाली आणलीस. तिन्ही गोष्टी एकाच कोपऱ्यात भेटतात, मागच्या कमानीच्या कडेला. पोलोला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई. पुढचं चाक वर जाताना निदान थोडं आत कलतं. मागची दोन्ही चाकं एकदम दबली की ती जवळजवळ सरळ वर जातात. कमानीला चुकवून आत शिरणं त्यांना जमत नाही. त्यामुळे पोलोत ही तक्रार आधी मागून येते.

मग डावीकडेच का? आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो आणि रस्त्याला पाणी जायला डावीकडे उतार असतो, त्यामुळे डावी बाजू कायम थोडी जास्त दबलेली. शिवाय बॉडीत आणि बीमच्या बसणीत दोन-चार मिलिमीटरचा फरक नव्या गाडीतही सापडतो. हे मोजायला लेझर लागत नाही. गवंड्याचा ओळंबा घे. कमानीच्या सर्वात वरच्या जागेवरून दोरी सोड, आणि दोरीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोज. डावं-उजवं दोन्ही. फरक तीन-चार मिलिमीटर असेल तर सोडून दे. आठ-दहा निघाला तर आधी बीमचे बुश (सांध्यातली रबरं) आणि ती गाडी कधी मागून ठोकली होती का, हे बघायचं. (मागे सलग अॅक्सल आणि आडवा रॉड असलेल्या गाड्या खाली केल्या की अॅक्सल बाजूला सरकतोच, तो वेगळा आजार. तुझ्या गाडीत तो रॉड नाही.)

आता खरी चाचणी. ही मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी अशीच एक खाली केलेली गाडी आली होती, तक्रारही हीच. मी दोन्ही मागच्या कमानी मन लावून वळवल्या. रंगाला तडा नाही, कड एकसारखी, स्वतःवरच खूश होतो. मालक कुटुंबासह करूळ घाट उतरून कोकणात गेला आणि परत आला तेव्हा टायरवर पूर्ण गोल खाच, बोटाचं नख बुडेल इतकी. लागत होता तो पत्रा नव्हताच. कमान जिथं मागच्या बंपरला मिळते तिथं बंपर धरून ठेवणारा एक स्क्रू आणि त्याच्यामागे पत्र्याची छोटी जीभ असते. तिचं टोक आत होतं. ते पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी दिवसभर पत्रा गरम करत बसलो होतो. तो टायर मी माझ्या खिशातून बदलून दिला.

तेव्हापासून मी आधी कणीक लावतो. हसू नकोस. पुरीसाठी मळतात तशी घट्ट कणीक घे, पोळीची सैल चालत नाही. अंगठ्याएवढे गोळे करून पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ आणि चिकटपट्टीने कमानीच्या आतल्या कडेवर लाव: घड्याळात दहा, अकरा, बारा, एक आणि दोन वाजतात त्या जागी. एक गोळा बंपरच्या त्या स्क्रूवर, एक आत लाइनरवर (कमानीच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर). मागे तिघांना बसव, डिकीत सामान टाक, आणि ज्या ब्रेकरवर आवाज येतो त्याच ब्रेकरवरून नेहमीच्या वेगाने जा. एकदाच. मग गोळे काढून ब्लेडने मधोमध काप आणि सर्वात पातळ जागा मोज. आठ मिलिमीटर किंवा जास्त उरली असेल तर ती जागा निर्दोष. तीनच्या खाली असेल तर वेगात, वळणावर, खड्ड्यात ती लागणारच. गोळा फाटून गायब झाला असेल तर गुन्हेगार सापडला.

सगळी कमान एकसारखी दबलेली असेल तर दोष उंचीचा. फक्त एका टोकाला दबली असेल तर स्क्रू, जीभ, लाइनरची सुटलेली कड यांपैकी काहीतरी. इथे जे दिसेल त्यावरून पुढचं ठरतं.

आता त्या गोष्टीकडे येतो जी तुझ्या गॅरेजवाल्याने तुला विचारली नसावी. स्प्रिंगा बसवताना बंप स्टॉप कापले होते का?

शॉकअपच्या दांड्यावर फोमसारख्या रबराचा एक ठोकळा असतो. चाक खूप वर आलं की शॉकअपची बॉडी त्याच्यावर टेकते आणि तिथून पुढे चाक फार वर जात नाही. लोकांचा समज असा की गाडी किती दबेल ते स्प्रिंग ठरवते. रोजच्या चालण्यात ते खरं आहे. पण टायर जास्तीत जास्त किती वर जाणार, ही शेवटची हद्द बंप स्टॉप आखतो. कंपनीने ती हद्द स्वतःच्या टायरच्या मापाला आखलेली असते. गाडी ३५ने खाली आली की ती उभ्या-उभ्याच त्या ठोकळ्याच्या जवळ जाते, छोट्या खड्ड्यालाही टेकायला लागते, चालणं कडक वाटतं. मग बसवणारा काय करतो? ठोकळा अर्धा कापतो. चालणं सुधारतं, मालक खूश. पण आता चाक कंपनीने कधीच जाऊ दिलं नसतं तितकं वर जातं. आणि ते चाकही जुनं राहिलं नाही, बाहेर १५ने मोठं झालंय.

त्यामुळे आधी मागचे शॉकअप काढून ठोकळा बघ. कापला असेल, चुरा झाला असेल (सात-आठ वर्षांच्या गाडीत तो हाताने दाबला तरी भुगा होतो) तर नवा टाक. आणि त्याच्यावर दांड्यात नायलॉनची एक चकती टाक, ८ ते १० मिलिमीटर जाडीची. कोणताही लेथवाला नायलॉनच्या रॉडमधून दांड्याच्या मापाने काढून देईल. कडा घासून गोल करायला सांग, नाहीतर ती फोम कापत राहते. या चकतीने चाकाची वर जाण्याची हद्द तितकीच खाली येते. पत्र्याला हात न लावता तुला कमानीत आठ-दहा मिलिमीटर मिळाले.

फुकट काही मिळत नाही. भरलेली गाडी ठोकळ्यावर लवकर टेकेल, मागून दणका जाणवेल. म्हणून जोडीला दुसरं काम: पोलोत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात, त्यामुळे स्प्रिंगखालच्या रबरी बैठकीच्या जागी १० मिलिमीटर जाड बैठक टाकता येते. गाडी मागून साधारण तितकीच वर येते आणि ठोकळ्यापर्यंतचं अंतर परत मिळतं. गाडी वर घ्यायचं नाव काढलं की खाली केलेल्या गाडीचा मालक असं बघतो जणू मी त्याच्या मिशीला हात घातलाय. पण दहा मिलिमीटर बाहेरून कुणाच्या नजरेत भरत नाहीत. मागे दोन माणसं बसली की गाडी त्याहून जास्त दबते.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे ते रबरी बफर विकत मिळतात, त्यांचं विचारशील म्हणून सांगतो. घासणं थांबतं, हे खरं. पण एकच वेटोळं आवळलं जातं, बाकीची जास्त वाकतात, आणि खालच्या गाडीत स्प्रिंग आधीच आखूड असते. मी लावत नाही. आणि तुझ्या स्प्रिंगा पाकिटातून आलेल्या आहेत की गॅसने कापलेल्या, हेही एकदा रंगावरून बघून घे. गॅसचा ताव लागलेली स्प्रिंग तिथून मऊ पडते किंवा तडकते, आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. जॅकवर गाडी उचलल्यावर स्प्रिंग हाताने हलते का, एवढं बघितलं तरी पुरे. हलत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेव, आधी स्प्रिंगा बदल.

पुढचं घासणं सोपं आहे, बहुतेक वेळा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरचा खांदा प्लॅस्टिकच्या लाइनरला लागतो. पुढे बंपरकडे किंवा मागे दाराकडे. लाइनरचे स्क्रू तपास, एक-दोन पडलेले असतातच आणि लाइनर आत फुगलेलं असतं. ते बसवूनही लागत असेल तर हीट गनने लाइनर मऊ कर आणि जाड फडक्याने मागे दाबून धर, गार होईपर्यंत. भोक पाडू नकोस. त्याच्यामागे वायरिंग असतं, पावसाळ्यात चिखल थेट तिथं जातो.

पण एक खूण लक्षात ठेव. फक्त रिव्हर्समध्ये, वळवून, ब्रेक दाबल्यावर घासत असेल, तर लाइनरचा दोष नाही. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा) मागचा बुश गेलाय आणि चाक जागेवरून सरकतंय. बुश बदल. बदलताना बोल्टचा शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा. लटकत्या आर्मवर आवळला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. खाली केलेल्या गाड्यांत हा बुश इतक्या लवकर का जातो, याचं कारण निम्म्या वेळा हेच निघतं. तुझ्या स्प्रिंगा बसवताना ते बोल्ट सैल करून पुन्हा आवळले होते का, तेही विचार.

आतली बाजू विसरू नकोस. पूर्ण वळवून दोन्हीकडे, टायर आणि शॉकअपची बॉडी यांच्यात तुझं करंगळीचं बोट सहज गेलं पाहिजे. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर टायरला कुठे चाटून जात नाही ना, टॉर्च मारून बघ. पत्रा घासला तर आवाज येतो. नळी घासताना काहीच ऐकू येत नाही.

कॅम्बरने, म्हणजे चाक वरून आत कलवून, सुटेल का? पुढे थोडंफार. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत स्ट्रट (पुढचा शॉकअप) नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या भागाला, दोन बोल्टांनी बांधलेला असतो, तिथं बारीक कॅम्बर बोल्ट टाकून चाक आत कलवता येतं. पोलोत स्ट्रट नकलच्या तोंडात घुसून आवळला जातो, तिथं ही सोय नाही. वर कॅम्बर प्लेट टाकावी लागते, आणि रस्त्यावरच्या गाडीत ती लोखंडी बेअरिंगची प्लेट प्रत्येक खड्डा बोलून दाखवते. मागे टॉर्शन बीमवर कॅम्बर बदलायला शिम (पातळ चकत्या) टाकतात. तुझ्या तक्रारीसाठी एवढं करू नये. स्प्रिंगा बदलल्यावर टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) मात्र सेट केलाच असशील असं धरतो. केला नसशील तर आधी अलाइनमेंट, नाहीतर हे महाग टायर आतल्या कडेने एका पावसाळ्यात सपाट होतील.

टायर बदलायचाच झाला तर त्याच रिमवर २०५/४० आर १७ बसतो. व्यास ५९६, म्हणजे आत्ताच्यापेक्षा त्रिज्या १० मिलिमीटर कमी. घासणं बरंचसं तिथंच मिटतं. पण टायरची भिंत ९२ची ८२ होते, कंपनीची १११ होती. आपल्या रस्त्यांवर ८२ मिलिमीटर म्हणजे रिम वाकायची तयारी. आणि घेताना भारांक ८४च्या खाली घेऊ नकोस. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, तुझ्या १८५/६० आर १५चा तोच आहे. दुकानदार ८०चा देऊ करील, स्वस्त असतो. नको म्हण.

माझ्या मनाचं विचारशील तर १७ची हौसच नडते. पोलोला १६ इंची, ७ जे, ईटी ४०, त्यावर १९५/५०. व्यास ६०१, जवळपास कंपनीइतका, बाहेर फक्त साडेसात मिलिमीटर जास्त, भिंत ९७. या मापावर ३५ खाली केलेल्या गाड्या मी विनातक्रार चालताना बघितल्यात. पण चाकं घेऊन झालीत, तर असो.

चाकांवरून आठवलं. फोक्सवॅगनला नट नसतात, बोल्ट असतात, आणि कंपनीच्या बोल्टची बैठक गोल असते. बाहेरच्या बहुतेक चाकांची बैठक शंकूच्या आकाराची. गोल बैठकीचा बोल्ट शंकूत आवळला तर घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल होतो. एक बोल्ट काढून बघच. हबचा मध्य ५७.१ मिलिमीटर आहे. चाकाचं भोक मोठं असेल तर त्या मापाची रिंग आत असली पाहिजे. आवळ १२० न्यूटन मीटर, आणि ५० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा. स्पेसर लावायचा विचार तुझ्या डोक्यात असेल तर या मापावर तो नकोच, चाक आधीच बाहेर आहे.

आता पत्रा. चकती टाकली, बैठक टाकली, स्क्रू बघितला, तरी कणीक तीनच्या खाली दबते, तर मग वळव. पण माणूस बघून. पुढचा मडगार्ड बोल्टवर असतो, बिघडला तर दुसरा लावता येतो. मागचा बॉडीचाच भाग आहे. तिथं आतला आणि बाहेरचा पत्रा कडेला एकत्र वेल्ड केलेला असतो आणि सांध्यात सीलर भरलेला असतो. हबला बोल्ट करायचा रोलर असलेला माणूस हवा. रोलर टेकवण्याआधी हीट गन सतत फिरवत कड तळहाताला जेमतेम सोसवेल इतकी गरम करायची, आणि तेवढी गरम ठेवून पाच-सहा फेऱ्यांत थोडी-थोडी वळवायची. एका फेरीत पूर्ण वळवली की रंग पापडासारखा फुटतो. कुणी टायर आणि कमानीच्या मध्ये बॅट किंवा पाइप घालून गाडी पुढे-मागे ढकलायला लागला तर चावी काढून घे आणि घरी ये.

वळवल्यावर सांध्यातला सीलर तुटलेला असतोच, दिसो वा न दिसो. त्याच दिवशी नवा सीलर आणि आतून मेणाचा फवारा मार. कोकणात किंवा आमच्या गगनबावड्याकडे ज्यांनी हे टाळलं त्यांच्या कमानी दोन-तीन पावसाळ्यांत आतून सडून बाहेर फोड आलेला मी बघितलाय. तिथं मग रोलर कामाला येत नाही, वेल्डर लागतो.

कागदोपत्री एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ मापापासून बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर टायरचं माप आधी बघतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेव. ब्रेकर मात्र तुझ्या हातात नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे लांबलचक, सौम्य चढ. तुमच्या सोसायटीच्या गेटसमोर जो आहे तो एका घमेल्यात मावतो.

तर येत्या रविवारी कणीक लाव. मग मला चार आकडे पाठव: गोळ्यांची सर्वात पातळ जाडी आणि ती कुठल्या वाजण्यापाशी, ओळंब्याचं डावं आणि उजवं माप, आणि मागचा बंप स्टॉप काढून त्याची लांबी. कापलेला असेल तर कापलेल्या तोंडाचा जवळून फोटोही टाक. चकती ८ची करायची की १०ची, ते त्यावरून सांगतो.